पाटी

नगरपंचायतीच्या पाटीवर
नाव तेच राहिलं.
मी ब्रश, टर्पेंटाइन घेऊन
मोजणी संपायची वाट पाहत फाटकाशी,
तर बाबू म्हणे, नाव कायले पुसतं,
साल लिही फक्त.

एक्केचाळीस मतांनी
शेवंताताई लांजेवार पुन्हा.
गुलाल नालीत पडून
नाली दुपारभर गुलाबी वाहिली.
हीच नाली मागच्या खेपेला
झाकून देतो म्हणाल्या होत्या.

ताई पाटीखाली थांबल्या.
"रंग वाचला न तुहा," हसल्या.
मी म्हटलं, हाव.

'लां'वरचं टिंब कधीचं उडालेलं,
दोन उन्हाळे गाव
'लाजेवार' वाचत होतं.
साल लिहून झाल्यावर
तेवढं टिंब देऊन टाकलं,
पैसे न सांगता.

मत कोणाले देल्लं
ते घरीही सांगतलं नाही.