पाव नंबरचा फरक

शिवाजीनगर कोर्टासमोर, झेरॉक्सवाल्याच्या पोटमाळ्यावर
मी प्रतिज्ञापत्रं इंग्रजीत करतो, पानाला ऐंशी रुपये.
काल खिरीडबाई आल्या. यमुना खिरीड, धायरी.
लक्ष्मी रोडला चष्म्याच्या दुकानात काचा घासतात.

परिच्छेद सातवा:
नवरा बोलायचा बंद झाला तेव्हापासून
मी आईकडे राहते.

मी लिहिलं, सिन्स.
वकीलसाहेबांचा खालून निरोप आला:
बिकॉज करा. सिन्समध्ये तारीखही निघते,
समोरची बाजू तिथूनच पळ काढील.

बाईंनी विचारलं, दोन्हींत फरक काय?

आता काय सांगायचं. म्हटलं,
बिकॉज बोट दाखवतो. कोणी 'का?' म्हटलं
की पुढे होऊन उत्तर देतो.
सिन्स आवाज चढवत नाही,
तुम्हाला ठाऊकच आहे, असं धरून चालतो.
ॲज आणखी अंग चोरून: कारण सांगतोय
की नुसता सोबत चाललाय, कळत नाही.
फॉर आता जुन्या पुस्तकांत, काठी टेकत.
आपल्याकडे नाही का, नोटिशीत 'सबब',
हुकमात 'ज्याअर्थी', आणि घरात
नुसतं 'म्हणून', तेही अर्धं गिळलेलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या,
आमच्याकडे नंबर काढताना काच बदलून विचारतात,
हे बरं, की हे?
लोक कंटाळतात. दोन्ही सारखंच, म्हणतात.
पाव नंबरचा तर फरक.
पण चुकलेल्या पाव नंबरानं
संध्याकाळी डोकं दुखतं, साहेब,
आणि कशानं दुखतंय ते कळत नाही.

मग बराच वेळ खाली बसगाड्या वळत राहिल्या.

तो बोलायचा थांबला, हे गल्लीला माहीत होतं.
दूधवाल्यालासुद्धा.
का थांबला, ते मलाच माहीत नाही.
अकरा महिने. जेवण झालं की ताट सरकवायचा,
घरात तेवढाच त्याचा आवाज.
कारण म्हणाल तर ते,
तारीख म्हणाल तर तीही तीच.
दोन्ही मावतील असा शब्द
तुम्ही आधी लिहिला होतात ना?

मी बिकॉज टाइप केलं. पैसे वकिलांकडून येतात.

बाईंनी पानापानावर सही केली.
सातव्या परिच्छेदापाशी थांबल्या,
चष्मा काढून दुकानातल्या पिवळ्या फडक्यानं पुसला,
आणि जे वाचता येत नव्हतं
ते पुन्हा एकदा बघितलं.

मूळ मराठी प्रत सोबत जोडली आहे.
तिच्यात अजून 'तेव्हापासून' आहे.