बावन्न मिनिटं

स्टुडिओत लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते.
फिल्म काचेवर धरून बघायची, कापायची, चिकटवायची,
उरलेल्या पट्ट्या खिळ्यांना टांगून ठेवायच्या.
नोशरेवान वस्ताद म्हणायचे,
"म्झेविनार, कात्रीला स्वतःचं मत नसतं."
मी मान डोलवायची
आणि मंत्र्याच्या भाषणातली जांभई
हळूच शिल्लक ठेवायची.

मग देशच बदलला. स्टुडिओला कुलूप.
तिबिलिसीत वीज यायची रात्री दोन तास, कधी तेवढीही नाही.
त्या दोन तासांत मी लोकांची लग्नं जोडत बसायचे.
मोबदला म्हणून अर्धं पोतं पीठ, रॉकेल,
एकदा एक जिवंत कोंबडी.
मारवली नाही माझ्याच्यानं.
संकलनाच्या टेबलाखाली राहिली ती दोन हिवाळे
आणि मशीन सुरू झालं की ओरडायची.

आईचा पियानो विकून कॅमेरा घेतला.
बावीस वर्षांत पाच माहितीपट.
थडग्यांवर माणसांचे चेहरे कोरणाऱ्याचा एक,
एक बंद पडलेल्या स्टेशनातल्या घड्याळजीचा.
तिसऱ्याबद्दल मी बोलत नाही.
कुतैसीला सतरा प्रेक्षक, त्यातले चार उब घ्यायला आलेले.
परदेशातून पत्रं यायची, सभ्य, जाड कागदावरची :
विषय फार स्थानिक वाटतो.
वाटणारच. माणूस कुठल्यातरी एकाच जागी उभा असतो.

पाचवा सियुरीचा.
इमेरेतीच्या खाणीच्या गावात ती रोपवे चालवायची,
एकतीस वर्षं तीच खुर्ची, तोच दांडा,
दरीवरून लोंबकळत जाणारा तोच गंजका डबा.
मी विचारलं, "कधी निघून जावंसं वाटलं?"
तिनं सूर्यफुलाच्या बिया फोडल्या.
टरफलं तळहातावर जमवली.
पलीकडून घंटी आली, तिनं दांडा ओढला,
डबा सुटला, धुक्यात शिरला,
तो पार दिसेनासा झाल्यावर म्हणाली,
"नाही."
त्रेचाळीस सेकंद.

जर्मनीच्या चॅनेलला हवी होती बावन्न मिनिटं,
ना एक कमी ना एक जास्त.
माझ्याकडे होती साठ. डोक्यावर कर्ज होतं,
दात दुखत होता, भाडं थकलं होतं
(हे सगळं मी आता सांगते, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं).
त्रेचाळीसचे चार केले.
प्रश्न, एक बी, उत्तर.
सांधा इतका सफाईदार की मलाच अभिमान वाटला.

गावच्या सभागृहात दाखवला, चादरीवर.
लोक हसले, एकमेकांना कोपरानं ढोसत ओळखू लागले,
कुणाचा मेलेला कुत्रा दिसला तर टाळ्या पडल्या.
शेवटी सियुरी आली, ठेवणीतला कोट घालून,
माझा हात हातात घेतला.
"छान आहे गं," म्हणाली.
मग थोडं थांबून,
"पण मी इतक्या लवकर नाही म्हटलं नव्हतं."

त्यात राग नव्हता. हिशेब चुकलेल्या दुकानदाराला
सांगावं तसं सांगितलं तिनं.

घरी येऊन सगळ्या हार्ड डिस्क काढल्या.
मुरंब्याच्या बरण्यांमागे असतात त्या, कोरड्या जागी.
एकोणचाळीस सेकंद शोधले, परत लावले.
ती आवृत्ती कुणी विकत घेतली नाही.
मार्चमध्ये घेऊन गेले तेव्हा रोपवे बंद झालेला,
सियुरी मुलीकडे ग्रीसला गेलेली,
भांडी घासायला, असं शेजारीण म्हणाली.
म्हणजे ते "नाही" खरं होतं की नाही,
ते आता मला कळायचं नाही.
सेकंद मात्र तिचे आहेत, तिथेच आहेत.

सध्या एका लग्नाचं काम चालू आहे.
नवरीचा मामा पेला उंचावून अकरा मिनिटं बोलतो,
घरच्यांनी सांगितलंय, दोनात बसवा.
बसवीन.
पण मधे एका जागी तो मेलेल्या बहिणीचं नाव घेऊ जातो
आणि थबकतो, पेला तसाच हवेत,
वाइन मनगटावरून बाहीत उतरत जाते.
तिथे माझा हात कळीवर असतो
आणि मी बियांची टरफलं मोजत बसते.