सर्वोच्च शिल्लक

रावपुऱ्यात, स्टेशनरीच्या दुकानाशेजारच्या जिन्याने वर,
हसितभाई शुक्लांचं ऑफिस.
भिंतीवर दोन घड्याळं, त्यातलं एक बंद.
"ते अमेरिकेचं," म्हणाले, "सेल संपलाय."

मी जन्मले तिकडे. फेब्रुवारीत.
बर्फ होता म्हणे गुडघाभर.
चौदाव्या महिन्यात बाबांची नोकरी गेली
आणि मी आईच्या मांडीवर बसून बडोद्याला आले.
त्या देशातलं मला काही आठवत नाही.
त्याला मात्र मी आठवते.

पासपोर्ट निळा, एवढंच माझं परदेशीपण.
बाकी मी दांडिया बाजारची:
भाजीवाल्याशी गुजरातीत भांडते,
सुट्टे पैसे मराठीत मोजते,
शाळेत चित्रकला शिकवते, पगार अठ्ठावीस हजार.
"सिटिझन एटले सिटिझन," हसितभाई चष्मा पुसतात,
"चंद्र पर रहो, फॉर्म तो भरवुं पडे."

परदेशात खाती आहेत का?
परदेशात म्हणजे इथे.
म्हणजे कोपऱ्यावरची बँक,
जिथल्या शिपायाच्या मुलीला लग्नात मी मेंदी काढली,
ती परदेशी बँक.
पोस्टातली आवर्त ठेवही परदेशी.

वर्षसुद्धा त्यांचं निराळं.
आमचं मार्चला संपतं, त्यांचं डिसेंबरला,
खालच्या दुकानदाराचं दिवाळीला.
पगाराच्या तीन चिठ्ठ्या मी एका वर्षातून उसवते
आणि दुसऱ्याला जोडते,
जुन्या झग्याची बाही लावावी तशा.

मग एक रकाना येतो:
वर्षभरातली सर्वोच्च शिल्लक.
शेवटची नको. सरासरी नको.

आईच्या खात्यावर माझं नाव दुसरं.
तिनेच घातलेलं. "असू दे गं, कधी लागलं तर."
तेहतीस वर्षं औषध कंपनीत
बाटल्यांवरची लेबलं तपासली तिने.
सरळ चिकटलेल्या लेबलाकडे कुणी बघत नाही, म्हणायची.

हसितभाई पासबुकावर पट्टी ठेवून खाली उतरतात.
मे. पेन्शन. गॅस.
जून. पेन्शन. वीजबिल. पेन्शन.
अकरा ऑगस्टला पट्टी थांबते.
नऊ लाख बेचाळीस हजार तीनशे सहा.
"लो, आ रह्युं!" ते खूश होतात
आणि पेन्सिलीने बारीक टिकली करतात.

त्या दिवशी तिने सगळ्या ठेवी मोडल्या होत्या.
बँकेतून येताना सूरसागरच्या काठाशी रिक्षा थांबवली,
भाजलेलं कणीस घेतलं, लिंबू दोनदा लावून मागितलं.
"आयुष्यात एवढी श्रीमंत कधी नव्हते मी," म्हणाली,
आणि दाढेखाली दाणा आला तसा डोळा मिटला.

बारा ऑगस्ट, हॉस्पिटल, चार लाख.
एकोणीस, हॉस्पिटल.
दोन सप्टेंबर, हॉस्पिटल.
तिथपर्यंत पट्टी येतच नाही.
फॉर्मला पुढचं नको आहे.

अकरा ऑगस्टच्या पैशांना
एकतीस डिसेंबरचा भाव लावायचा, असा नियम.
एकतीस डिसेंबरला ती नव्हती.
अकरा हजार डॉलर आणि वर थोडे.

सह-खातेदाराचं नाव: हेमलता विश्वास दिघे.
पत्ता?
मी हसितभाईंकडे बघते.
ते बंद घड्याळाकडे बघतात.
"जूनुं ज लखो," हळूच म्हणतात.

कर: शून्य. दंड: शून्य.
खोटं लिहिलं असेल तर शिक्षेस पात्र, इथे सही.
सही केली.
पावती छापताना, बरं वाटावं म्हणून, ते म्हणाले,
"आवता वरसे आ खातुं नहीं होय. सहेलुं पडशे."

जिन्यात मी पासबुक पुन्हा उघडलं.
टिकली तशीच होती.
खोडरबर शाळेच्या कपाटात.
शिवाय, असतं तरी.