लोड

छातीवरचे केस भादरले तेव्हा
पहिल्यांदा वाटलं, प्रकरण साधं नाही.
मग गार जेल, दहा चकत्या, दहा वायरी.
सवयीनं मी रंग वाचत गेलो:
लाल, पिवळी, हिरवी, काळी.
न्यूट्रल कुठली, विचारलं.
स्नेहल ठवरे हसली नाही,
सकाळपासून तिचा मी सातवा.

धंतोलीतला दुसरा मजला, एसी.
पंढरी बारापात्रे, वय एकसष्ट,
उघडा, पायात जावयाचे बूट.
दोनशेवीसमधून वय वजा करायचं, ती म्हणाली,
उरतं ते तुमच्या ठोक्यांचं छप्पर.
तिथवर नाही न्यायचं, जवळपास न्यायचं.
"दम लागला तं सांगजा. छाती भरली तं सांगजा.
चक्कर आली तं आधी दांडा धरजा, मंग सांगजा."

पट्टा सरकला.

तेहतीस वर्षं खांब चढलो,
मानेवाडा, हुडकेश्वर, तिकडे नुसती शेतं होती तेव्हापासून.
दम कधी मोजला नाही.
आणि आता हा चढ, कुठेच न नेणारा,
दर तीन मिनिटांनी पुढून उचलला जाणारा,
समोर भिंत, भिंतीवर
कुठल्याशा औषध कंपनीचं बर्फाचं डोंगरचित्र.

रात्री तीनला डीपीला हात लावा,
गपगार असते. कुणीही म्हणेल, ठणठणीत.
मे महिन्यात दुपारी दोनला
अख्ख्या वस्तीचे कूलर एकदम सुरू होतात,
तेव्हा कळतं कुठला जॉइंट सैल आहे,
कुठली तार आतून खाल्ली गेली.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
तरी मी मागच्या महिन्यात
निजून काढलेला ईसीजी घडी करून खिशात ठेवला
आणि चार जणांना दाखवला.

शेषरावचाही चांगला होता.
पंख्याखाली, निजवून काढलेला.
लॅमिनेट करून घेतला होता त्यानं.
लेकीच्या लग्नात, मांडवात, खुर्च्या उचलताना...
जाऊ द्या.

तिसरा टप्पा. ठोके एकशे अठ्ठावीस.
दंडावरचा पट्टा फुगला, आवळला, सुटला.
स्नेहल आता माझ्याकडे बघत नव्हती.
मीही बघितलं पडद्यावर:
एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंतची रेघ
खाली बसली होती,
दोन खांबांमधली तार उन्हात झोळ खाते, तशी.

"दुखतंय का?"
नाही, म्हटलं. दुखत नव्हतंच.
जबड्यात काहीतरी होतं, डाव्या बाजूला,
थंड पाण्यानं दात शिवशिवावा तसं.
दिवाळीपासून होतं. जिना चढताना यायचं,
वर पोचलो की जायचं.
इंदूला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही.
दात आहे म्हणत लवंग चघळायचो.

आठव्या मिनिटाला सांगितलं.
चढ उतरला, पट्टा मंदावला,
डॉ. उमाळे धावत नाही पण भरभर आले.

मला आडवं केलं. रेघ हळूहळू ताणली गेली.
सहा मिनिटांत पुन्हा अशी सरळ
की शपथ घ्यावी, काही झालंच नाही.
"हा निकाल नाही," डॉक्टर म्हणाले,
"ही चाचणी कधी उगाच घाबरवते, कधी चुकून सोडूनही देते.
पण जबडा आणि ही रेघ एकाच वेळी बोलले.
आत बघावं लागेल."
समजलं. फीडर सापडला,
खांब अजून शोधायचा आहे.

बाहेर बाकावर इंदू, मांडीवर स्टीलचा डबा.
पोहे. तर्री नाही.
"तर्री?"
ती ऐकत नव्हती. लांबलचक कागद
दोन्ही हातांत उलटा धरून बसली होती,
आणि उलट्या कागदात झोळ
उंचवट्यासारखा दिसतो.
"हा चढ होय का जी?" तिनं विचारलं.
हो म्हटलं, आणि लिफ्टचं बटण दाबलं.
खाली जाईपर्यंत
दिवाळीपासूनचं सगळं सांगायचं होतं.
मजले दोनच होते.