सुट्टे

माझ्या कामाला धड नाव नव्हतं.
डलूथ शहरातल्या अकरा लाँड्र्या,
त्यांतल्या यंत्रांची पोटं रिकामी करायची.
चावी फिरवली की खुर्दा थैलीत सांडायचा
आणि मान न वळवता मला कळायचं
यात चांदी किती.

चांदी वाजते.
पासष्टनंतरचं नवं नाणं नुसतं आपटतं,
कडेला तांब्याची रेघ,
सँडविचमधून डोकावणाऱ्या हॅमसारखी.
जुनं मात्र फरशीवर पडलं
तर घरंगळता घरंगळता दोन शब्द बोलून जायचं.

चोरी नव्हती ही, लिहून ठेवा.
एक जुनं काढलं की एक नवं टाकायचो, माझ्या पगारातलं.
मालक हॅल्वरसनच्या वहीत
एका सेंटचा फरक नाही.
रात्री लेंपी टेबलावर टॉवेल पसरायची,
शेजाऱ्यांना आवाज नको म्हणून.
चष्मा कपाळावर, नाणं नाकाशी,
साल वाचायची:
एक्केचाळीस. अठ्ठावन्न. चौसष्ट.
एक तर इतकं झिजलेलं
की त्यावरची बाई उभी आहे की निघालीय
तेही कळेना.
कॉफीचे तीन डबे भरले,
जिन्याखाली, बिटाच्या बरण्यांमागे.

त्या हिवाळ्यात गावात मोड मिळेना.
बँकेच्या काचेवर पाटी: माणशी एकच गुंडाळी.
बेकरीवाला सेंटांऐवजी च्युइंगगम हातावर ठेवायचा.
चर्चच्या थाळीत नोटा पडू लागल्या,
पाद्री तेवढा खूश.
वर्तमानपत्रांनी लिहिलं, साठेबाज.
मी ते वाचून मान हलवली.
कोण असतील बुवा हे?

जानेवारी. पारा उणे बावीस.
फोर्थ स्ट्रीटच्या लाँड्रीत एक बाई,
टोपलीत पिळलेले कपडे, चार तरी लेकरांचे,
हातात डॉलरची एकच नोट.
ड्रायरला डाइम लागते, दहा मिनिटांना एक.
"सुट्टे आहेत का हो?"
थैली माझ्या खांद्यावर. खांदा तिरका झालेला.
"नाहीत," म्हणालो.
नेमकी तेवढ्यात थैली वाजली.

तिनं थैलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग टोपली उचलली.
खिडकीतून दिसत होतं,
बसथांब्यावर पोचेपर्यंत
टोपलीतली एक छोटी पँट
ताठ उभी राहिली होती,
आत कुणी नसताना.

घरी आल्यावर लेंपीला सांगितलं.
तिनं टॉवेल पसरलाच नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"सुट्टे म्हणतात यांना. सुटलेले.
आणि आपण बांधून ठेवलेत."

शनिवारी त्या ड्रायरवर मी बशी ठेवली.
चाळीस डाइम, सगळ्या जुन्या,
टोपीला पंख असलेल्या.
शेजारी चिठ्ठी: नोट ठेवा, मोड घ्या.
खाली लेंपीच्या अक्षरात:
नोट नसेल तर नुसती मोड घ्या.

गंमत अशी, की सोमवारी चावी मीच फिरवायची.
चाळीसातल्या तेहतीस
पुन्हा माझ्याच थैलीत.
पुन्हा बशीत. पुन्हा थैलीत.
गावाचे कपडे वाळत होते
आणि तीच चांदी गरगरत होती.
दर आठवड्याला दोन-चार कमी व्हायच्या.
कुणीतरी वाजवून घेत असणार,
माझ्यासारखेच कान असलेलं.
मला राग आला नाही.
म्हणजे, पहिल्या सोमवारी आला.

एका डाइमवर लेंपीनं नखाच्या रंगाचा
लाल ठिपका दिला होता,
छत्तीस सालची, ती बोटीतून उतरली त्या वर्षाची.
ती नऊ वेळा परत आली.
दहाव्यांदा नाही.

डबे? दोन आहेत अजून जिन्याखाली.
मी काही संत नाही.
फक्त हल्ली चावी फिरवताना
मान वळते,
आणि चांदी वाजली तरी
मी आधी लाल शोधतो.