सोलापूर शटल्स, दीड हंगाम

नाव ठेवलं तेव्हाच निम्मं गाव फसलं.
शटल्स म्हटल्यावर लोक बॅडमिंटन बघायला आले,
दोघं तर रॅकेट घेऊन.
मालक माइकवर म्हणाले, शटल म्हणजे आपला धोटा,
इकडून तिकडे, तिकडून इकडे, थांबत नाही.
मागून कुणीतरी ओरडलं,
थांबलाय की बे, वीस वर्षं झाली.

शेड नंबर तीन.
माग भंगारात गेलेले,
फरशीत त्यांच्या बोल्टांची भोकं तशीच.
त्यावर प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलं,
चारी बाजूंनी छातीइतक्या फळ्या ठोकल्या.
चेंडू फळीला लागून परत यायचा.
थ्रो नाही, आऊट नाही,
आत आलेल्या चेंडूला बाहेर जायची सोयच नाही.
बाकीचे नियम मला शेवटपर्यंत नीट कळले नाहीत.

मला घड्याळावर ठेवलं.
एकोणतीस वर्षं जॉबर होतो मी,
आवाज ऐकून सांगायचो कुठल्या मागाचा धागा तुटणार.
शिट्टीला पंच होते, पण खेळ संपला की
भोंगा मी द्यायचा. गिरणीचाच भोंगा, गंज खरवडून काढलेला.
पहिल्या रात्री नऊला दिला
तर साखर पेठेत नरसम्मा चिलका दारात येऊन उभी राहिली,
भात टाकायचा का, म्हणून.
नवरा जाऊन तिचा सहा वर्षं झाली होती.

गोलात अंबादास गाजूल,
दिवसपाळी करून यायचा, बोटं निळी.
त्यानं अडवलेल्या प्रत्येक चेंडूवर
थोडी थोडी चादर उतरायची.
पुढे मुजम्मिल नालबंद आणि रेवणसिद्ध हलकुडे,
गड्ड्याच्या जत्रेत पाच दिवस रजा पाहिजे
असं करारातच लिहून घेतलेला.
गोव्याहून आणलेला ब्रागांझा
शेंगाचटणीनं पहिल्याच जेवणात रडला,
मराठीच्या आधी तेलुगू शिव्या शिकला.

एप्रिलात पत्र्याखाली उभं राहवत नसे.
हाफटाइमला पोरं बर्फाच्या लादीवर पाठ टेकायची
आणि वाफ निघायची, खोटं नाही सांगत.

कोल्हापूरचे लोक ट्रक भरून आले,
आम्हाला फुटबॉल शिकवायला.
सहा-सहा. माझ्या घड्याळात अकरा सेकंद.
मुजम्मिलनं चेंडू फळीला मारला,
फळीनं त्यालाच परत दिला
आणि त्यानं बघितलंसुद्धा नाही.
मी भोंगा दिला तो सोडलाच नाही,
कुणीतरी हात धरून खाली घेतला माझा.

मग नोव्हेंबर. मालकांचा फोन लागेना.
पगार टॉवेलात.
खेळाडूला चार डझन, मला दीड,
कोपऱ्यात धोट्याचं चित्र छापलेलं.
अंबादास म्हणाला, दिवसा टॉवेल विणूलालो,
रात्री गोल अडवून टॉवेलच न्यूलालो,
मधल्या मध्ये हे गुडघे कशाला फोडूलालो?
हसला सगळा ड्रेसिंग रूम. बराच वेळ हसला.

शेवटचा सामना हैदराबादशी.
त्यांची बस निघालीच नाही, त्यांचाही मालक हरवलेला.
आमची पोरं वाट बघत आपसांत खेळली,
ब्रागांझानं चेंडू वर मारला
तो कैचीत जाऊन बसला. शिडी कुणाकडे नव्हती.
पंचांनी अर्धा तास थांबून वहीत लिहिलं,
सोलापूर विजयी.
म्हणजे बघा, आम्हाला कुणी हरवलेलं नाही.
भोंगा द्यायचा का, मी विचारलं.
पंच म्हणाले, कशाचा?

गवत अक्कलकोट रोडच्या मंगल कार्यालयात गेलं,
नवरदेवाची घोडी त्यावर उभी असते.
मुजम्मिल पुण्यात पार्सलं पोचवतो.
चेंडू वरच आहे, खिडकीच्या फुटक्या काचेतून दिसतो,
उन्हानं पांढरा पडलाय.

दीड डझनातले सोळा वाटले.
एक बायकोनं फरशीला काढला.
एक अजून मी वापरतो,
चित्र धुऊन गेलं कधीच,
पण फाटत नाही मेला,
सोलापूरचा माल.