अठ्ठेचाळीस हजार सहाशे अकरा

लियेपायात, ट्रामच्या शेवटच्या थांब्यामागे
आउस्मा द्रेइमाने राहते. चौथा मजला, लिफ्ट नाही.
दर दोन महिन्यांनी मी तिचा मीटर वाचायला जातो.
बाकीचे लोक दार उघडून आत निघून जातात.
ही खांद्यामागे उभी राहून माझ्याआधी वाचते:
"चार आठ दोन सात तीन. बेरीज चोवीस.
तिनानं भाग जातो. लिहा."

स्वयंपाकघरात, बटाट्यांच्या पोत्यापाशी
एक जुना संगणक रात्रंदिवस घुमत असतो,
वर तिचे लोकरी हातमोजे वाळत घातलेले.
दोनाला दोनानं गुणत सुटायचं,
इतकं, की आकडे ओळीनं मांडले
तर समुद्रापर्यंत ट्रामच्या दहा फेऱ्या व्हाव्यात,
आणि मग त्या डोंगरातून
फक्त एक काढून घ्यायचा.

"यंत्राच्या लिपीत लिही," ती म्हणते,
"नुसते एकच एक. आत कुठे औषधालाही शून्य नाही.
पण ती मूळ संख्या आहे का, हे ठरवतं शून्यच.
चारापासून निघायचं. वर्ग करायचा, दोन वजा,
या अजस्र बाईनं भागायचं, उरेल त्याचा पुन्हा वर्ग.
अगदी शेवटी काहीच उरलं नाही, तर ती मूळ."

एक्केचाळीस दिवसांनी काहीतरी उरलं.

मी विचारलं, मग कशानं भाग जातो तिला?
"ते नाही कळत. फुटते एवढं नक्की,
कुठे फुटते ते चाचणी सांगत नाही."
तारांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं हिशेब लिहिले हिनं.
"तोही असाच. बुडाला एवढं कळलं."
वहीत तारखेपुढे 'नाही' लिहिलं,
आणि यंत्राला पुढची संख्या दिली. पुन्हा चारापासून.

मार्चमध्ये गेलो. काचेवर बर्फाचं पाणी ओघळत होतं.
चार आठ सहा एक एक.
ती बोलली नाही.
मग म्हणाली, "बसा."

पाठकोऱ्या बिलावर पेन्सिल चालू झाली.
सातानं बाकी तीन. अकरानं दोन. तेरानं चार.
माझी टोपी डोक्यावरच, खाली अजून नऊ घरं वाचायची.
चहा निवला, त्यावर साय धरली.
दोनशे अकरानं एक्क्याऐंशी.
सत्तेचाळीस भागाकार, आणि तिनं पेन्सिल ठेवली.

पुढे नाही का बघायचं?
"कशाला? फोडणारे जोडीनं येतात.
जोडीतला धाकटा इथवर सापडला नाही,
तर थोरला कुणाच्या भरवशावर येणार?"

तिनं हात पुसले. मीटरपाशी आलो,
तर यंत्रानं तेवढ्यात वीज ओढून
शेवटचं चाक पुढे ढकललेलं: बारा.
सम. दोनानं सरळ दोन तुकडे.

मी वहीत अकराच लिहिलं.
एका युनिटचा फरक. कार्यालयात कुणी विचारलं नाही.